सहा तासांची जमीन

जून. चारलाच उजाडलंय.
बंधाऱ्यावरच्या मेंढ्या अजून पाय पोटाशी घेऊन बसल्यात
आणि नामेनकाका म्हणतो, चल,
समुद्र घराबाहेर गेलाय.

सरकारी कागदावर त्याचा हुद्दा अजून ‘सीलशिकारी’ असाच आहे.
आजोबाचा हुद्दा, आजोबाची दुर्बीण.
काम तेवढं उलटं झालं:
मोजायचं, राखायचं,
आणि माणसांना लांब ठेवायचं.

गमबूट चिखलातून उपसत आम्ही चालतो.
पायाखाली किड्यांनी पाडलेल्या मातीच्या शेवया,
रात्री इथे दोन पुरुष पाणी होतं,
दुपारी परत असेल.

खाडीपलीकडच्या पुळणीवर
आधी नुसते दगड.
मग एक दगड जांभई देतो.

मी मोजते: एकोणीस.
तो वहीत वीस लिहितो.
विसावं मला शेवटपर्यंत दिसत नाही.

माद्या होड्यांसारख्या, दोन्ही टोकं उचललेल्या.
एक आत्ताच मोकळी झालीय;
वारेवर कुरव भांडतायत,
आणि पिल्लू, ओलं,
थोरल्या भावाचा स्वेटर चढवल्यासारखं
स्वतःच्या कातडीत सैल.
त्याच्याकडे तीन तास आहेत.
उरलेले तीन जन्मण्याआधीच गेले.
मग ही जमीन संपेल
आणि त्याला पोहता येत असेल.
आई नाक नाकाला लावते, पुन्हा लावते,
हाताशी पेन नसताना आपण नंबर घोकतो
तसा वास घोकते.

पश्चिमेच्या टोकाला मात्र एक एकटंच.
हूऽऽ. थांबतं. हूऽऽ.
अशा पिल्लाला इथे हॉयलर म्हणतात, रडवं.
माझं पाऊल पुढे पडलेलं असतं,
काका कोपराला धरतो. बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका कुटुंबानं असंच एक
टॉवेलात गुंडाळून धक्क्यावर आणलं होतं,
मुलीनं त्याला बाटलीतलं दूध पाजून बघितलं,
नावही ठेवलं.
आई दोनशे पावलांवर होती, पाण्यात,
माणसं जाण्याची वाट बघत.
काकानं ते उचलून परत नेलं.
तोवर त्याला माणसं लागली होती.

म्हणून आम्ही बसतो. ओल्या वाळूवर,
तीनशे पावलं लांब, पाठीवर वारा न येईल असे.
रडणं काही लांब राहत नाही.

सातच्या पुढे खाडीत पाणी उलटं फिरतं,
आवाज न करता, फेसाची एक दोरी पुढे ढकलत.
मध्यावर काहीतरी काळं वर येतं:
डोकं? बोयाही असेल.
काका दुर्बीण डोळ्यांना लावतो,
पुसतो, परत लावतो.
निघायला हवं, तो म्हणतो,
आपल्यालाही पोहत जायचं नाहीये.

वहीत सगळे आकडे पेनानं.
‘एकटं’ या रकान्यातला एक तेवढा पेन्सिलीनं.

आम्ही बंधाऱ्यावर चढलो तेव्हा मागे
जमीन नव्हतीच कधी, असा समुद्र.
मेंढ्या उठून चरत होत्या.

दारातच केइकेकाकूनं विचारलं, किती?
वीस.
आणि?
तो पायरीवर बसला,
उजवा बूट काढून उलटा केला,
आतलं पाणी संपेपर्यंत
तसाच धरून राहिला.