उचंत खातं

भावांतराचे पैसे आले त्या दिवशी
बेटम्याच्या शाखेत पंखासुद्धा फिरायचा थांबला होता.
दाराबाहेर पायऱ्यांवर चपला,
चपलांच्या पलीकडे मोटारसायकली,
आणि आत एकच प्रश्न, शंभर तोंडांनी:
आले का?

मी पासबुकं छापत होते.
मशीन करकरत होतं जुन्या गिरणीसारखं.
कुणाचे चार हजार, कुणाचे अकरा,
कुणाचे दोनशे सात रुपये फक्त
(तो माणूस हसला. मग गेला.)

सज्जनबाई आंजना, राहणार आमलीखेडी.
काउंटरवर पासबुक ठेवलं, उघडं,
सहा हजार तीनशे अठरावर बोट.
म्हणाली, "यो म्हारो नी हे."

मला वाटलं, कमी पडले.
सगळ्यांना कमीच पडतात.
म्हटलं, अर्ज लिहा, तहसीलला जा, पटवारींना भेटा.
ती मान हलवत राहिली.
कमी नाही. जास्ती.
तिनं सोयाबीन पेरलंच नव्हतं.

पटवारी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसूनच
अख्ख्या शिवारात सोयाबीन लिहून गेला होता.
कागदावर तिचं शेत पिवळं.
जमिनीवर तिनं घातली होती ज्वारी,
पुरुषभर उंच. अर्धी पोपटांनी नेली.
का, विचारलं.
म्हणाली, छत्तीस वर्षं तीच शेंग बघून
कंटाळा आला.

रांगेत कुणी तरी खॅक् करून हसलं.
कुणी म्हणालं, काकी, ठेव ना, सरकार काय मोजायला येतंय?
आली होती ना मोजायला, ती म्हणाली,
मोजूनच तर चुकलं.

पाटीदार साहेबांनी केबिनमधून हात हलवला:
टोकेकर मॅडम, निपटवा.

मी खण उघडला.
पैसे मागायचे फॉर्म होते नऊ प्रकारचे,
वारसाचे, अंगठ्याचे, हरवलेल्याचे,
मेलेल्याचेसुद्धा.
पैसे नको असलेल्याचा फॉर्म
कुणी छापलाच नव्हता.

तीन फोन केले. तहसीलनं जिल्हा सांगितला,
जिल्ह्यानं मंडी.
मंडीतल्या पोरानं विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना?

ती बाकावर बसून होती. घाई नव्हती.
घरून आणलेले शेंगदाणे सोलत होती,
टरफलं ओच्यात जमा करत,
बँकेच्या फरशीवर एकही नाही.

शेवटी साध्या व्हाउचरवर सही घेतली,
रक्कम टाकली उचंत खात्यात,
जिथं कुणाचंच नसलेलं सगळं जातं.
पावतीवर शिक्का मागितला तिनं,
पुसट उठला म्हणून पुन्हा एकदा.
घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली
आणि सव्वातीनची बस गाठली.

दर मार्चला ऑडिटर येतो, दरवर्षी नवा.
बोट त्याच ओळीवर थांबतं.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय,
ज्वारी पेरली होती.
ज्वारी? तो विचारतो.
हो, म्हणते मी. ज्वारी.
थोडा वेळ पेन हवेत राहतं,
मग बरोबरची खूण.

संध्याकाळी इंदूरला परतताना
मी खिडकीशी बसते.
दोन्ही बाजूंना सपाट, बुटकं, एकसारखं पीक.
मध्येच काही उंच दिसतंय का बघते.
तसं तिचं शेत सडकेवर नाहीच.