हातचा एक

वडील मच्छीमार सोसायटीत कारकून.
माकुळांच्या पेट्या, बर्फाच्या लाद्या, डिझेलचे डबे,
सगळं त्यांच्या सोरोबानच्या मण्यांवरून जायचं.
खालचे मणी एकेकाचे, वरचा पाचाचा.
वरचा खाली सरकला की त्यांचे ओठ हलत
आणि बाहेर पडे तो शब्द जपानी नसे.
‘प्यात.’
बाकीचं रशियन ते माइझुरूच्या धक्क्यावर टाकून आले,
असं आई सांगे.

घरात आम्ही चौघं.
ते मासे आणत पाच, पर्सिमन पाच,
नव्या वर्षाला लाकडी चपलांचे जोड पाच.
शेजारच्या ओत्सुनेबाई म्हणायच्या,
चाराला भितात गं तुझे वडील.
आमच्याकडे चार आणि मरण यांचा उच्चार एकच,
इस्पितळातसुद्धा चार नंबरची खोली नसते.
मीही तेच धरून चालले.
पाचवा जोड दरवर्षी माळ्यावर जाई.
त्या मापाचे पाय आमच्यात कुणाचेच नव्हते.

एकदा शाळेच्या सहलीला
मास्तरांनी आम्हाला पाच-पाचांच्या ओळींत उभं केलं,
मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं.
मला सोडायला आलेले वडील
टोपी काढून
शेवटच्या ओळीच्या टोकाला ताठ उभे राहिले.
बस गेली तरी उभेच.
शेवटी आई जाऊन त्यांना घेऊन आली.

बोलले एकदाच. एक्क्याऐंशीव्या वर्षी,
माझ्याकडे नाही, टेबलफॅनकडे बघत.
‘इसाकु रात्री गेला. सकाळी मोजणी.
शिमादाने आणि मी त्याला बगलेत धरून मध्ये उभा केला.
पहारेकऱ्याने काठी हलवली, प्यात, पुढे.
त्याचा पाव आला. आम्ही वाटून खाल्ला.
दुसऱ्या दिवशीही.
त्या थंडीत माणूस खराब होत नाही.’
फॅन इकडून तिकडे, तिकडून इकडे.
‘दोन दिवस तो मेलेला होता आणि जमेला होता.
तू हिशेबाचं शिकलीस ना?
सांग, त्याला खर्ची कोणत्या तारखेला टाकायचं?’

मी बँकेत तेवीस वर्षं काढली.
मी म्हटलं, चहा टाकते.

ते गेल्यावर भावाने सोरोबान नेला, मी माळा आवरला.
चपलांचे जोड वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
वर्षाच्या क्रमाने, पट्टे अजून कडक,
सगळे एकाच मापाचे,
बाविशीतल्या कुणा उंच माणसाचे.
मोजले. एकोणचाळीस.
पुन्हा मोजले. चाळीस.

तिसऱ्यांदा मोजले नाहीत.