परत येण्याचा पुरावा

विट्यात स्टँडच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान.
‘परदेशाचे फॉर्म भरून मिळतील’
हे पाटीवर नंतर लिहून घेतलं,
म्हणून त्याचा निळा जरा वेगळा आहे.

रंगराव साळुंखे आले ते युरियाच्या पोत्याची पिशवी घेऊन.
आत पासपोर्ट, सातबारा, पासबुक,
आणि लेकीनं मोबाईलवर पाठवलेली यादी,
जी त्यांना उघडता येत नव्हती.

जर्मनी. पंधरा दिवस.
नातवाचं बारसं तर होऊन गेलं,
आता निदान दात यायच्या आत पोचायचं.

मी यादी वाचत गेले.
फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस, मागं पांढरं,
दोन्ही कान दिसावेत, हसू नये.
“हसतंय कोन,” म्हणाले, आणि हसले.
विमा तीस हजार युरोंचा.
तिकडं काही बरंवाईट झालं
तर देह गावी धाडायचा खर्चही त्यातच, मी सांगितलं.
“म्हंजी परत येनं तसंबी पक्कंच की.”

तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये
एकच मोठी रक्कम, फेब्रुवारीतली.
ही कुठून आली ते लिहावं लागतं.
“म्हस इकली. मुऱ्हा. दुसऱ्या येताची.”
इंग्रजीत ती नुसती जनावर झाली,
दुसरं वेत कुठं बसेना.

मग तो रकाना.
आपण मायदेशी परत याल
असं मानण्यास कारणे द्या, पुराव्यासह.
दोनशे अक्षरं.

रंगराव बराच वेळ पंख्याकडं बघत बसले.
छत्तीस वर्षं त्रिशूरला गलाईच्या गाळ्यात,
सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
जाळायची, ॲसिडात घालायची,
तळाशी जे राहील ते आपलं.
दर वर्षी लेंगऱ्याच्या जत्रेला
मिरजेपर्यंत रेल्वे, पुढं येष्टी,
एकदा तर येष्टीच्या टपावरनं.
“पोरी, परत येन्याबिगार
दुसरं काय केलंया मी आजवर?”

मी टाइप केलं, स्वतःचं घर. दीड एकर बागायत.
पत्नी लिहू का, विचारलं.
“लिव्ह की. भिंतीवर हाय.
पर त्यास्नी चालत नसंल.”
मी बॅकस्पेस दाबून धरलं.
चारच अक्षरं, पण दोन घरं जास्तच मागं गेले,
बागायतीचा शेवटचा त पुन्हा लिहावा लागला.

पुण्याहून आले ते सरळ दुकानात.
मशीननं बोटं घेतली नाहीत.
आधी उजवी चार, मग डावी चार, मग अंगठे,
मुलगी म्हणाली जोरात दाबा,
मग म्हणाली एवढं जोरात नको,
मग ओल्या कागदानं पुसून बघितलं.
पडद्यावर राखाडी ढग.
“म्हनलं तिला, बाई, माझ्या रेघा सोन्यात गेल्या.
मराठीच हुती ती. तरी ‘नेक्स्ट’ म्हनाली.”

व्हिसा आला एकोणीस दिवसांचा.
चार दिवस का वाढवले, त्यांनी विचारलं,
जसं काही मीच वाढवले होते.

निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्टच्या दोन कॉप्या काढायच्या होत्या.
झाकण लावायच्या आत मी बटण दाबलं,
आणि पानाच्या कडेला त्यांचा पंजा आला.
तळव्यावरच्या आडव्या रेषा स्वच्छ,
एक जुना डाग, बहुधा भाजल्याचा,
आणि बोटांची टोकं गुळगुळीत,
राजा पुसून गेलेल्या नाण्यासारखी.

दुसरी काढली, ती नीट आली.
पहिली मी ठेवून घेतली,
कोरा कागद फेकवत नाही मला.
तिच्या पाठीवर त्या आठवड्याची उधारी आहे.
कदम सर, बाइंडिंग, एकशेवीस.
अंगणवाडीच्या बाई, बारा.
रंगराव, चाळीस.
आल्यावर देतो म्हणालेत.