तक्रारवही

सेतुबलच्या जुन्या धक्क्यामागे
जिथं कधीकाळी तारलीचे डबे भरले जायचे
तिथं दुसऱ्या मजल्यावर आमचं शिक्षण केंद्र.
भिंतींना तीनदा रंग काढला,
तरी दमट दिवशी बाराखडीला मासळीचा वास येतो.

मी खिडकीशी बसतो. नावं लिहून घेतो, झेरॉक्स काढतो,
आणि डावीकडच्या खणात
लाल पुठ्ठ्याची एक वही सांभाळतो.
न्हाव्याचं दुकान असो, खाणावळ असो, शाळा असो,
मागेल त्याला वही द्यायची, का म्हणून विचारायचं नाही.
पोर्तुगालात तसा कायदाच आहे.
एका पानाच्या तीन प्रती.
एक सरकारला, एक त्याला,
एक माझ्या उशाला.

एर्मिनियु, जन्मभर ट्रक हाकलेला, लिहितो:
"माणसं सात आणि माउस चार.
मी तीन आठवडे नुसता दुसऱ्याचा हात बघतोय."

केप व्हर्डेची इवांद्रा रात्रभर ऑफिसांच्या फरश्या पुसते.
तिनं लिहिलं: "मुलाच्या शाळेत पालकांची सभा दुपारी तीनला.
तीनला माझी मध्यरात्र असते.
ही तक्रार शाळेची, तुमची नाही, हे मला कळतं.
पण तिथली वही मागायचा धीर झाला नाही."
त्या पानाचं काय करायचं
हे माझं अजून ठरत नाही.

आणि देओलिंदा.
वय एकाहत्तर. याच इमारतीत अडतीस वर्षं
तारलीची मुंडकी छाटली तिनं.
पहिल्या दिवशी वर्गात आली, पावलं मोजली,
आणि फळ्याच्या जरा अलीकडे थांबून म्हणाली,
"माझं टेबल इथं होतं."
मग तिथंच बसली. कोणी उठवलं नाही.
ग्रासिएत बाई त्रोयाहून फेरीनं येतात,
धुकं असलं की उशिरा.
देओलिंदा तोवर 'र' गिरवत बसायची,
सुरी धरावी तशी पेन्सिल धरून.

मार्चमधल्या एका गुरुवारी
वर्ग सुटल्यावर ती माझ्यापुढे उभी राहिली.
"वही."
माझ्या तोंडाशी आलेलं 'काय झालं हो?'
मी गिळलं. कायदा.
चाळीस मिनिटं लागली तिला.
शेवटची बस गेली. पहारेकरी किल्ल्या वाजवून गेला.
एका अक्षराला मी सहज बोट दाखवलं,
तर म्हणाली, "विचारलंय का तुम्हाला?"

खुर्ची बुटकी आहे.
दिवा डोळ्यावर येतो.
बाई आठवड्यात दोनच दिवस येतात.
पन्नास वर्षांपूर्वी वर तारली होती, खाली तारली होती.
तेव्हा तुम्ही कुठं होता?

फॉर्मात खाली एक चौकट असते:
तक्रारदाराची अपेक्षा.
तिथं एकच शब्द. उत्तर.
पेन इतकं दाबलं होतं
की तीन प्रती तर उमटल्याच,
चौथ्या, पाचव्या कोऱ्या पानावरही
हात फिरवला तर तिचं अक्षर लागतं.
यापुढे जो कोणी तक्रार करेल
तो तिच्यावर लिहील.

तिची प्रत तिनं दोनदा वाचली, ओठ हलवत,
घडी घालून पावाच्या पिशवीत ठेवली
आणि पायी निघाली.

पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
मी लिहिलं: महोदया, खुर्ची बदलली.
दिवा भिंतीकडे वळवला.
तिसऱ्या दिवसासाठी नगरपालिकेला पत्र धाडलंय,
ते बहुधा कपाटात पडून राहील.
चौथ्या मुद्द्याशी आलो
आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.
उरले दिवस नऊ.

मंगळवारी ती नव्या खुर्चीवर बसली.
जरा मागे रेलली, जरा पुढे सरकली,
खाली पाहिलं. पाय लोंबकळत होते.

तिथूनच तिनं माझ्याकडे हात पुढे केला.
मी डावा खण उघडला.