माणसाला उंदीर साक्ष

मास्ट्रिख्टमध्ये, नदीच्या पातळीखालच्या तळघरात
हौबेन दर सोमवारी उंदरांना लोणी वाढतो.
म्हणजे गोळ्याच त्या, पिवळसर, बोटांना चिकटणाऱ्या.
वास थेट त्याच्या बहिणीच्या बेकरीचा.

बारा आठवडे.
यांचं एक जनुक आधीच काढून घेतलेलं,
त्यामुळे चरबीला रक्तातून उतरायची वाट सापडत नाही.
नळी रात्रभर उभी ठेवली
की वर साय धरते.
हौबेन त्या सायीकडे
जरा जास्तच वेळ बघतो.

त्याच्या स्वतःच्या छातीत जाळीच्या दोन नळ्या आहेत.
कार्निव्हलच्या मिरवणुकीत, गळ्यात ढोल,
तो मध्येच फूटपाथवर बसला होता.
बँड वाजत पुढे गेला.

डॉक्टर रिन्स्के सांगते:
आधी भिंतीला सूज येते.
पेशी चरबी गिळायला धावतात,
गिळतात, फुगतात, तिथेच मरतात.
मग एके दिवशी वरचं टोपण फुटतं,
आणि रक्ताला वाटतं, जखम झाली.
ते बिचारं मदतीलाच येतं. गोठतं.

"उंदरातही असंच?"
"उंदरात साचतं सगळं. फुटत नाही सहसा."
"मग?"
"मग आपण करतो."

आज विद्यार्थी आजारी, म्हणून घड्याळ हौबेनच्या हातात.
भूल दिलेला उंदीर, मानेतली धमनी
शेवयीएवढी,
तिच्यावर लोहाच्या क्षारात भिजवलेला
तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान कागद.
यंत्रातून वाहण्याचा आवाज. श्श, श्श.
मग श्श.
मग बराच वेळ.
सहा मिनिटं चाळीस सेकंद, हौबेन लिहितो.
चारचा आकडा पुन्हा गिरवतो.

उंदराला मांजर साक्ष, अशी म्हण आहे.
इथे माणसाला उंदीर साक्ष,
तोही पढवलेला,
न फुटलेल्या गोष्टीबद्दल
शपथेवर बोलणारा.
तरी छातीतल्या त्या नळ्यांआधी, गोळ्यांआधी
असाच कुणीतरी उताणा पडला असणार,
आणि कुणीतरी घड्याळ धरलं असणार.

संध्याकाळी बहिणीने चेरीचा पाय पाठवला.
हौबेनने कडा खाल्ली, मधलं ठेवलं.
मग मधलंही खाल्लं.
रक्त पातळ करायची गोळी घेतली, पाण्याबरोबर,
आणि हात पुन्हा एकदा धुतले.
लोणी साबणाने चटकन जात नाही.