तीन टनांची गोळी

लोट्याला रात्रपाळीत
नझीरभाई परकार साच्यात पांढरी भुकटी ओततात,
बोटाने कड पुसतात, दांडा खाली ओढतात.
खाडीची ओल तिच्यातून दुपारीच भट्टीत उडवलेली.
तीन टन. गोळी बाहेर येते,
नाण्याएवढी, कोमट.

"पाच दिले तर नखाचा ओरखडाही उठायचा नाही,
पण आत कोण शिरणार?
दोन दिले तर शिरेल, आणि तुझ्या हातात भुगा."
मी वहीत लिहिते : तीन.

मग माझं काम.
गोळी पितळी कड्यात बसवायची.
या अंगाला हेलियम, त्या अंगाला नायट्रोजन,
दाब दोन्हीकडे सारखा.
वारा नाही, ढकलणारं कुणी नाही.
तरी चहा ओतून होईतो पलीकडची सुई हलते.

जाडी चार मिलिमीटर,
पण चार मिलिमीटर कुणी चालत नाही.
आमच्या दाभोळच्या पाखाडीचंच घ्या :
बंदरावरून घर समोर दिसतं,
चालायला लागावं तर मुकादमांचा गडगा, विहीर,
कुणाच्या पडवीतून "जाऊ ना?" विचारून,
आणि एके ठिकाणी वाट संपतेच
माडाच्या बुंध्याशी.
फिरा मागे.

फार अरुंद जागी तर
कणाला कण भेटतच नाही. भिंत भेटते.
ती विचारत नाही आलास कुठून,
वाटेल तिकडे लावून देते.
पुन्हा भिंत.

सातवी गोळी वेगळी निघाली.
सुई झपकन चढली, तिप्पट.
सकाळी खातूसाहेब खूश :
"हीच पाठवू या पुण्याला."
नझीरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
गोळी खिडकीशी धरून तिरकी केली.
"साहेब, चीर आहे."
केसाएवढी. या कडेपासून त्या कडेपर्यंत
सरळ रस्ता.

आकडा मी खोडला.
इतका देखणा आकडा खोडताना
पेन जरा अडखळलं, खोटं कशाला सांगू.

शिफ्ट सुटताना त्यांनी ती गोळी
माझ्या पाण्याच्या ग्लासात टाकली, गंमत म्हणून.
चिरेतून एकच मोठा बुडबुडा आला
आणि फुटला.
मग बारीक बारीक, सगळ्या अंगातून,
बस हॉर्न देत होती तरी येतच होते.
तीन टनांखाली चेपलेली,
आणि एवढी हवा
बाळगून बसली होती.