न्यूट्रल

अश्वघोषचा दुसरा अल्बम आला तेव्हा
मी मंठा चौफुलीच्या डीपीवर फ्यूज टाकायलो होतो.
खिशात फोन थरथरला:
'आला रे. हेडफोन लावून ऐक. काम संपल्यावर.'

काम कुठं संपतं.
रात्री अडीचला, सबस्टेशनच्या बाजेवर ऐकला.
बाहेर तेच, कानात तेच.
क्षणभर कळेना, हेडफोन लावलाय का काढलाय.

पहिल्याचं नाव होतं 'भंगार'.
त्यात जालन्याच्या मिला होत्या,
लाल सळई पाण्यात शिरतानाचा चर्र,
आणि त्याच्या बापाचा खोकला,
चोवीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून कमावलेला,
कापून, उलटा करून, तालात बसवलेला.
पुण्याचे म्हणाले, अस्सल.
बर्लिनहून कुणी लिहिलं,
'तहानलेल्या प्रदेशाचा संताप.'
अश्वघोष मला म्हणला, मी तहानलेला दिसतो का रे?
म्हणलं, दोन चहा झालेत तुझे. आता नाही.

दुसऱ्यात बाप खोकत नाही.
बापानंच सांगितलं होतं,
पुरे कर बाबा, लग्नात लोक विचारायलेत.

मग मीच नेलं त्याला. नऊ रात्री.
हेल्मेट घालून, कुंपणाच्या अलीकडं, नियमात
(नियमात बसत नव्हतं, राहू द्या).
मोठ्या ट्रान्सफॉर्मरसमोर तो डोळे मिटून,
देवळात बसतात तसा नाही,
डॉक्टर छातीला कान लावतो तसा.
मला म्हणला, तार पन्नासची,
पण गाभा शंभरनं गुणगुणतो,
एका हेलकाव्यात दोनदा आकसतं त्याचं अंग.
आणि हा सूर पेटीत नाही.
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो.
सगळी यंत्रं त्यानं त्या फटीत लावली.

परीक्षणं आली.
'सूर किंचित चढे; तांत्रिक दुर्लक्ष.'
'पहिल्यात माती होती. इथं नुसती वीज.'
पाचपैकी अडीच.
एका बाईंनी मन लावून लिहिलं होतं, लांबलचक:
'न्यूट्रल. नावासारखाच, कुठल्याच बाजूचा नाही.
या नावाच्या, या गावच्या माणसानं
तरी गप्प बसायला नको होतं.'

मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. भाकरी तशीच हातात.
मला संगीतातलं कळत नाही.
न्यूट्रल कळतो.
फेजला सगळे भितात, त्याला मान असतो.
हा काळा, खालून गेलेला,
घराघरात वापरून झालेली सगळी वीज
याच्याच अंगावरून माघारी येते.
मागच्या उन्हाळ्यात कादराबादेत एक तुटला:
सत्तावीस टीव्ही, चार कूलर,
मशिदीचा अँप्लिफायर,
आणि टेलर मास्तरची नवी कोरी शिलाई मोटार.
बाईंना कुणी सांगावं,
गप्प तार कशी असते ते.

लिहू का त्यांना? मी विचारलं.
नको, अश्वघोष म्हणला.
तो बशीत चहा ओतत होता, सांडू न देता.
अर्ध्या बरोबर आहेत त्या. आणि चौथा तुकडा
खरंच लांबलाय.

त्याचा बाप म्हणे रोज रात्री तोच चौथा लावून झोपतो.
काय वाटतं, विचारलं तर म्हणला,
भट्टी बंद केल्यावर
कानात जे उरायचं ना, तसं.

चौथा लांबला तो माझ्यामुळं.
त्या रात्री 'बस कर, साहेब येतील' म्हणायला
कुणी जागं नव्हतं.
अकराव्या मिनिटाला, आवाज पूर्ण वाढवून ऐका,
गुणगुणीच्या मागं, डाव्या कानात,
मी घोरतोय.

एकाही परीक्षणात ते आलेलं नाही.